कावळा शिवल्याची तार

'दैनिक सीनातीर'च्या रविवार पुरवणीत तिसऱ्या पानावर, मूळव्याधीच्या जाहिरातीच्या बरोबर डोक्यावर, आदिनाथ ठुबेचं विज्ञानाचं सदर यायचं. नाव 'चोचीमागचा मेंदू'. विषय कावळा. खरं तर एकच लेख लिहायचं ठरलं होतं, पण आदिनाथ कावळ्यात शिरला तो बाहेरच येईना. कावळ्याची स्मरणशक्ती झाली, कावळ्याची भाषा झाली, कावळा काडीचं हत्यार कसं करतो ते झालं. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकून त्याला फसवते तेही झालं, आणि मग इतका फसणारा पक्षी हुशार कसा, या स्वतःच काढलेल्या शंकेला उत्तर देण्यात आणखी एक रविवार गेला.

आदिनाथ नागापूरच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. दिवसभर नट-बोल्ट मोजून द्यायचे आणि संध्याकाळी वाचनालयात जुनी इंग्रजी मासिकं चाळायची, हा त्याचा प्रपंच. आठवडाभर 'ओ स्टोअर' अशी हाक मारणारं जग रविवारी त्याचं नाव आडनावासकट छापायचं. त्या एका ओळीवर हा माणूस पुढचे सहा दिवस काढायचा, म्हटलं तरी चालेल.

त्या ओळीवरच गंडांतर आलं. पेपरच्या मालकांना राशिभविष्याची जागा वाढवायची होती. बाराही राशींना म्हणे दाटीवाटीनं राहावं लागत होतं. पुरवणीचं काम पाहणाऱ्या यशोधरा साळवे या सरळ बोलणाऱ्या बाई. त्यांनी आदिनाथला बोलावून चहा दिला आणि सांगून टाकलं, "ठुबे, तुम्ही चांगलं लिहिता. पण सगळे कावळे परदेशातले. नगरचा कावळा कुठंय? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आणा आणि त्याचा पुरावा आणा. मग मी मालकांशी भांडते. नाहीतर जूनपासून तिथं मेष ते मीन."

आदिनाथ चहा अर्धा टाकून उठला. नगरच्या कावळ्याची त्याला ददात नव्हती. सावेडीतल्या त्याच्या घरासमोरच्या कडुनिंबावर मे महिन्यातच एका जोडीनं घरटं बांधलं होतं, तेही अर्धं काड्यांचं आणि अर्धं एमआयडीसीतून उचललेल्या तारेच्या तुकड्यांचं. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो आणि लक्षात ठेवतो, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. तेच आता नगरमध्ये सिद्ध करायचं त्यानं ठरवलं.

शास्त्रीय प्रयोगाला साहित्य लागतं. त्यानं बांबूच्या काठीला दाढीचा आरसा बांधला आणि गच्चीवरून तो घरट्यावर धरून आत डोकावायला सुरुवात केली. आत पिल्लं होती. दुसऱ्याच दिवशी अशी वेळ आली, की आदिनाथनं नुसतं दार उघडलं तरी कावळी झाडावरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. पण ती चेहरा ओळखते की बुशकोट, हे ठरायचं राहिलं होतं. आदिनाथकडे बुशकोट दोनच आणि दोन्ही एकाच ताग्यातले.

इथे शेजारचे रखमाजी औटी पुढे आले. औटी म्हणजे निवृत्त तलाठी. सारी कॉलनी त्यांना भाऊसाहेब म्हणायची. बायको वारलेली, मुलगा नितीन पुण्याला नोकरीला. त्यामुळे भाऊसाहेबांकडे वेळ आणि सल्ला या दोन गोष्टी मुबलक. दर रविवारी ते आदिनाथचा लेख ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत आणि मग त्यात दुरुस्त्या सुचवत. घरटं फांदीच्या दुबेळक्यात आहे, म्हणजे पाऊस मध्यम आणि पिकाची आणेवारी पन्नासच्या वर, असं त्यांनी चेहऱ्याबियऱ्याच्या भानगडीत न पडता आधीच जाहीर केलं होतं. आयुष्यभर आणेवारी लावलेला माणूस, त्यांना कोण अडवणार. सकाळी भाकरीचा पहिला तुकडा ते कावळ्याला घालत आणि मगच स्वतः खात. एकट्याचं जेवण घशाखाली उतरायला कोणीतरी लागतंच.

आदिनाथनं त्यांच्याकडे त्यांचा काळा कोट, टोपी आणि जुना चष्मा मागितला. भाऊसाहेबांनी कोट दिला, पण सरकारी काम असल्यासारखं 'परत कधी' ते आधी विचारून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी आदिनाथ तलाठ्याच्या वेषात कडुनिंबाखाली अवतरला. चष्म्यातून त्याला झाडं दोन दिसत होती आणि कावळे चार. त्यानं काठी उचलायच्या आत कावळी सरळ खाली आली. तिनं टोपी उडवली, दोन्ही पाय त्याच्या टाळक्यावर रोवले आणि मधोमध एक टोच मारून ती परत फांदीवर जाऊन बसली. आदिनाथ कळवळला, पण आतून हरखला. सोंग घेतलं तरी पक्ष्यानं त्याला ओळखलं होतं. तो डोकं चोळत घरात पळाला आणि त्यानं लेखाची पहिली ओळसुद्धा लिहून टाकली.

हे सगळं ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या एका बाईनं पाहिलं होतं. ती म्हणजे आदिनाथची आई, बनाबाई.

बनाबाईंचं आयुष्य पारनेर तालुक्यात गेलेलं. कावळा डोक्याला शिवला तर पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. माणसाचं मरण जवळ आलेलं असतं. ते चुकवायचं तर तो माणूस गेल्याची खोटी खबर जवळच्या नात्यात धाडायची. तिथं त्यांनी खरं समजून रडायचं. रडणं झालं, की मरणाचं देणं फिटलं. मग तो धडधाकट असल्याची दुसरी खबर धाडायची. गावाकडे यात कधी घोटाळा होत नसे, कारण दोन्ही खबरी एकच माणूस न्यायचा. पहिली सांगायची, पाणी पिऊन ओट्यावर बसायचं, आतला आवाज उतरला की दुसरी सांगायची आणि जेवून परत यायचं.

पण आदिनाथची बहीण लंकाबाई होती कर्जतला. तिथवर माणूस कुठून धाडायचा? शनिवारी आदिनाथ कारखान्यात आणि सून शुभांगी सुट्टीतल्या कामाला शाळेत गेल्यावर बनाबाई भाऊसाहेबांकडे गेल्या आणि तार करायला सांगितली. सुनेला विचारावं असं भाऊसाहेबांनी सुचवून पाहिलं. त्यावर बनाबाई म्हणाल्या, की ती शिकलेली हाय, तिला काय कळतंय.

भाऊसाहेबांनी तार ऑफिसात जाऊन दोन्ही तारा नियमाप्रमाणे भरल्या. पहिली, 'आदिनाथ वारले'. दुसरी, 'आदिनाथ खुशाल'. मृत्यूच्या तारेला सगळ्यांच्या आधी नंबर असतो, हे त्यांना ठाऊक होतं. खुशालीच्या तारेला काही घाई नसते, हेही ठाऊक होतं. या दोन ठाऊक गोष्टी त्यांनी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, एवढंच. पहिली तार दुपारी कर्जतला पोचली. दुसरी सोमवारी पोचली.

लंकाबाईंनी तार ऐकली आणि हंबरडा फोडला. पद्धतीच्या दृष्टीनं इथवर सगळं उत्तम चाललं होतं. पण लंकाबाईंचे यजमान गोरक्षनाथ हे 'सीनातीर'चे कर्जतचे वार्ताहर. आजवर त्यांनी पाठवलेल्या बातम्या म्हणजे समाजमंदिराचं भूमिपूजन आणि विहिरीत पडलेली म्हैस सुखरूप. आता पेपरचा लेखक गेला आणि ही खबर नगरच्या आधी कर्जतला आली. बायकोचा दुसरा हंबरडा येईपर्यंत गोरक्षनाथ एसटीडी बूथवर पोचले होते. यशोधराताई त्या दिवशी पुतणीच्या लग्नाला श्रीरामपूरला गेलेल्या. रात्रपाळीच्या मंडळींनी घरच्याच माणसानं दिलेली बातमी म्हणून ती जशीच्या तशी लावली.

रविवारी सकाळी आदिनाथनं पेपर उघडला, तो पहिल्याच पानावर काळ्या चौकटीत त्याचा फोटो. 'प्रसिद्ध विज्ञान लेखक आदिनाथ ठुबे यांचे निधन'. त्यानं बातमी दोनदा वाचली. माणूस मोठा विचित्र प्राणी आहे. त्याचं लक्ष 'निधन' या शब्दाकडे नंतर गेलं, आधी 'प्रसिद्ध'कडे गेलं. सदर छापून येत होतं तेव्हा त्यांना हा शब्द कधी सुचला नव्हता.

शुभांगी मागून वाचत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही काल गेलात म्हणे. मग दूध कोणी आणलं?"

चौकशी सुरू झाली. ती फार लांबली नाही, कारण बनाबाईंना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवून विचारलं, "व्हय, म्याच धाडाय लावली. लंका रडली का पर?"

आदिनाथनं विज्ञान, विवेक आणि विसावं शतक यांवर बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि लंकाबाई पदर तोंडाला लावून उतरल्या, मागून गोरक्षनाथ. दार उघडायला भाऊच पुढे आला. त्या क्षणी लंकाबाईंनी जी किंकाळी फोडली, ती पाहता मरण एकदा नाही, दोनदा टळलं असावं. मग त्यांनी भावाला पोटाशी धरलं आणि मग त्याच हातानं पाठीत धपाटाही घातला.

लोक येतच राहिले. कारखान्यातली माणसं आली. वाचनालयाचे ग्रंथपाल हार घेऊन आले आणि ज्याला घालायचा तोच चहा विचारायला आल्यामुळे हार कुठे ठेवावा, या पेचात पडले. आदिनाथ प्रत्येकाला दारातच हात जोडून आपण असल्याचं सांगत होता. काहीजणांना ते पटायला वेळ लागला. एकजण तर छापून आलंय म्हणजे काहीतरी असेलच, असं म्हणत शेवटपर्यंत कडुनिंबाखाली बसून राहिला.

कडुनिंबाखालीच खरा घोटाळा झाला. एवढी माणसं आपल्या झाडाखाली का गोळा झाली, हे कावळीला कळायचं कारण नव्हतं. तिनं धोक्याची हाक दिली. पाहता पाहता साऱ्या सावेडीतले कावळे येऊन फांद्यांवर आणि तारांवर बसले आणि एकच कालवा सुरू झाला. खाली शोकसभा, वर शोकसभा. गोरक्षनाथ घडला प्रकार पेपरात कसा सावरावा या विचारात झाडाला टेकले होते. कावळीनं पहिली झडप त्यांच्यावर घातली आणि दुसरी कारखान्याच्या टाइमकीपरवर.

गोरक्षनाथ पांढरेफटक पडले. काल बातमी द्यायला फोन उचलणारा हात आता डोक्यावरून खाली येईना. बनाबाईंनी जावयाकडे पाहून शांतपणे निकाल दिला, की यांच्या भावांना जामखेडला तार करावी लागंल. टाइमकीपर म्हणाला, आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मग डोकं चोळत म्हणाला, पण करतच आहात तर माझ्या सासुरवाडीलाही एक टाका.

भाऊसाहेब परत टोपी घालून तार ऑफिसात. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, की सावेडीत पटकी वगैरे आली आहे का.

सोमवारी सकाळी जामखेडहून टेम्पो आला. त्यातून गोरक्षनाथांचे दोघे भाऊ उतरले. शेताच्या बांधावरून या भावाशी ते तीन वर्षं बोलत नव्हते. ते टेम्पोतूनच रडत आले आणि गोरक्षनाथ जिवंत दिसल्यावर रडं थांबवायचंच विसरले. तिघेही एकमेकांच्या गळ्यात पडून हुंदके देत होते. भाऊसाहेब आपल्या ओट्यावरून बघत बसले होते. ते आदिनाथला म्हणाले, "दोन शब्दांत एवढी मानसं आली ओ." आदिनाथला कारखान्याची घाई होती. तो हं म्हणाला आणि सायकलवर बसला.

कारखान्याच्या फाटकावर त्याचं हजेरीचं कार्ड खणातून काढून ठेवलेलं होतं. वॉचमन रोजचा ओळखीचा. त्यानं हसून नमस्कार केला आणि आत मात्र सोडलं नाही. पर्सनल ऑफिसर म्हणाले, मला तुम्ही दिसताय हो, पण फाइलला पेपरचं कात्रण लागलंय. ते निघायचं तर तसाच कागद पाहिजे. हयातीचा दाखला आणा, नाहीतर पेपरात खुलासा आणा.

दाखल्याबद्दल भाऊसाहेबांशिवाय कुणाला विचारणार? त्यांनी चष्मा पुसत समजावून सांगितलं, की हयातीचा दाखला पेन्शनरांसाठी असतो. नोकरीतला माणूस जिवंतच आहे, असं शासनानं धरलेलं आहे, म्हणून त्याला फॉर्मच नाही. आदिनाथ म्हणाला, पण मी आहे ना. भाऊसाहेब म्हणाले, ते खरं, पण कोणत्या नमुन्यात?

राहिला पेपरचा खुलासा. आदिनाथ 'सीनातीर'मध्ये गेला. यशोधराताई लग्नाहून परतल्या होत्या आणि त्यांचा चेहरा खजील होता. मालक मात्र खुशीत होते. आदिनाथ गेल्याचं वाचून वाचकांची पत्रं आली होती, माणसं समक्ष येऊन हळहळून गेली होती. मालकांनी त्याला खुर्ची दिली आणि प्रेमानं एक प्रस्ताव मांडला. खुलासा कशाला छापायचा? 'कै. आदिनाथ ठुबे यांचे अप्रकाशित लेखन' म्हणून सदर चालू ठेवू. जिवंत माणसाचं सदर बंद करता येतं, मेलेल्याचं कसं करणार, लोक काय म्हणतील?

खोटं कशाला सांगा, आदिनाथला मोह झाला. पहिलं पान, चौकट, शिवाय 'प्रसिद्ध' हा शब्द कायमचा. चहा संपेपर्यंत तो मेलेलाच राहिला. पण कारखान्याचं फाटक आठवलं, आईनं हे ऐकलं तर काय करील तेही आठवलं, आणि त्यानं जिवंत राहायचं ठरवलं. मालक नाराज झाले. त्यांनी दुसऱ्या दिवशी खुलासा छापला खरा, पण मथळा दिला, 'विज्ञान लेखकाच्याच घरी कावळ्याची तार'.

सारं नगर हसलं. कारखान्यात कार्ड परत खणात बसलं, पण स्टोअरच्या खिडकीवर बोल्ट मागायला येणारा प्रत्येकजण आधी 'काव' म्हणू लागला. आदिनाथनं मान खाली घालून बोल्ट मोजले. मूर्ख ठरणं त्यानं सोसलं असतं. पण ज्या एका गोष्टीत आपण शहाणे आहोत असं त्याला वाटायचं, तिथंच तो मूर्ख ठरला होता, आणि ते त्याला फार लागलं.

यशोधराताई हसल्या नाहीत. त्यांनी निरोप देऊन बोलावलं आणि सांगितलं, की मालकांना कसंबसं थोपवलं आहे, गुरुवारपर्यंत लेख द्या. पण कच्चं काही चालणार नाही. त्यांनी कावळीनं कोटातल्या आदिनाथला ओळखल्याचं वर्णन वाचलं आणि बोट ठेवलं. कावळी तर तुमच्या मेहुण्यालाही टोचली, त्या टाइमकीपरलाही टोचली. त्यांना ती कुठं ओळखत होती? ती सगळ्यांनाच टोचते, असं कोणीही म्हणेल.

आदिनाथला आता उलटा पुरावा हवा होता. त्याच झाडाखाली, त्याच काठीनं, त्याच वेषात दुसरा कोणी उभा राहायला हवा आणि कावळीनं त्याला ओळखून सोडून द्यायला हवं. पण टोच खायला कोण तयार होणार? कॉलनीत आता लोक त्या झाडाखालून छत्री उघडून जात होते.

बुधवारी पहाटे, नुकतं उजाडत असताना, आदिनाथ पाणी भरायला उठला आणि खिडकीपाशी खिळून राहिला.

कडुनिंबाखाली भाऊसाहेब उभे होते. अंगात तोच काळा कोट. टोपी काढून हातात धरलेली आणि टक्कल आभाळाकडे. दुसऱ्या हातात आदिनाथचीच आरसा बांधलेली काठी, आणि तिनं ते घरटं सरळ ढोसत होते. कावळी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर फांदीवर बसली होती. ती ओरडली नाही, पंख फुगवले नाहीत. मान वाकडी करून ती त्यांच्या कोटाच्या खिशाकडे पाहत होती, कारण भाकरी रोज तिथूनच निघायची.

आदिनाथच्या अंगावर काटा आला. तोच कोट, तीच काठी, तेच झाड. त्याला सोंगात ओळखून टोचणारी कावळी या माणसाला घरट्याला हात लावू देत होती. याहून पक्का पुरावा त्या इंग्रजी मासिकांतसुद्धा त्याच्या वाचनात आला नव्हता. सदर वाचलं होतं. तो लुंगीवरच बाहेर धावला.

भाऊसाहेब त्याला पाहून दचकले. काठी खाली ठेवून ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"शिवत न्हाई ओ," ते म्हणाले. "कालपून उभा ऱ्हातोय."

आदिनाथला आधी काही कळलं नाही. कशाला शिवायला पाहिजे, असं त्यानं विचारलं.

भाऊसाहेबांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. "नितीनला आजारी हाय म्हणून कळवलं, तर तो मनीआर्डर करतो. चांगला हाय पोरगा, लगेच करतो. पर येत न्हाई." मग ते झाडाकडे बघत म्हणाले, "उगं खोटी तार माझ्याच्यानं व्हायची न्हाई. जलमभर सरकारी कागुद लिवले. कावळा शिवला तर मात्र तसा रिवाज हाय. तुमी शास्त्राचे मानूस, ठुबे. तुमी सांगा, शिवला का न्हाई?"

कावळी आदिनाथवर एकदा ओरडली आणि परत खिशाकडे पाहू लागली. त्या टकलावर एक ओरखडासुद्धा नव्हता. आदिनाथला फार वाईट वाटलं. ओट्यावर बसून आपले लेख मोठ्यानं वाचणारा हा माणूस शेजारी इतकी वर्षं राहत होता, आणि आपण झाडावरच्या जोडीकडे आरसा धरला तितकासुद्धा याच्याकडे धरला नव्हता.

"शिवला, भाऊसाहेब," तो म्हणाला. "आत्ताच. मी खिडकीतून पाहिला."

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग टोपी घातली आणि पत्ता सांगितला. तो त्यांना पिनकोडासकट पाठ होता.

तार आदिनाथनंच केली. खिडकीवरच्या माणसानं आज कोण, असं विचारलं, तेव्हा आदिनाथनं फॉर्म पुढे सरकवला. खुशालीची तार त्यानं केली नाही. ती पोचेपर्यंत मुलगा इथंच असणार, हा हिशेब त्याला आता पक्का कळला होता.

संध्याकाळी नितीन आला. रिक्षातून उतरतानाच तो 'दादा' म्हणून ओरडत होता, बायको मागून बॅग ओढत होती. भाऊसाहेब दारात खुर्चीवर बसलेले. मुलगा पायरीवरच कोसळला आणि पायांना मिठी मारून लहान पोरासारखा रडू लागला. समोर जिवंत बाप बसलाय हे त्याच्या डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. कोणीतरी त्याला समजवायला पुढे झालं, तेव्हा बनाबाईंनी आपल्या ओट्यावरून दम दिला, "रडू द्या त्याला. मधी बोलू नका." भाऊसाहेबांनीही मुलाला पोटभर रडू दिलं.

खुलासा झाल्यावर नितीन चिडलाही. चिडायलाच पाहिजे होता. असल्या खुळचट गोष्टी अजून करता, म्हणून तो बापावर ओरडला, आणि ओरडता ओरडताच कुठं टोचलं ते बघू म्हणून त्यानं टोपी काढून त्या टकलावरून हात फिरवला. एकदा फिरवला, मग परत फिरवला. काही सापडेना, तेव्हा तो आदिनाथकडे वळला. "काका, खरंच शिवला होता?"

आदिनाथ म्हणाला, "होय. पिसं लागतात, ओरखडा उठतोच असं नाही." कावळ्यांवर त्यानं आजवर बरंच लिहिलं होतं. इतकं खोटं वाक्य त्यात कुठंही नव्हतं.

रात्री लेख घेऊन बसल्यावर त्यानं बुधवारच्या पहाटेचा परिच्छेद लिहिला. तसा परिच्छेद त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. शुभांगीनं वाचला आणि त्याच्याकडे पाहिलं. भाऊसाहेब रविवारी पेपर मोठ्यानं वाचायचे आणि या रविवारी, नगरला असो की पुण्याला, ऐकायला मुलगा असणार होता. आदिनाथनं त्या परिच्छेदावर आडव्या रेघा मारल्या. खालचं अक्षर कोणाला लागू नये, म्हणून परत एकदा मारल्या.

गुरुवारी यशोधराताईंनी लेख उभ्याउभ्याच वाचला. तारेचं घरटं त्यांना आवडलं. झाडाखालच्या आणि झाडावरच्या शोकसभेपाशी त्या हसल्याही. पण शेवटचं पान उलटून त्यांनी मागे कोरं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"लेख सुरेख झालाय, ठुबे. पण कावळा माणूस ओळखतो, त्याचा पुरावा कुठंय? हा असाच दिला, तर रविवारी मला तिथं राशिभविष्य लावावं लागेल."

"लावा," आदिनाथ म्हणाला. "पुरावा सकाळच्या गाडीनं मुलाबरोबर पुण्याला गेलाय. दिवाळीपर्यंत काही येत नाही."